बोटाखालचा सा

आमच्या घरी सनई पिढ्यान्‌पिढ्यांची, पण मुलींनी तिला ओठ लावायचे नाहीत असा दंडक. का, असं विचारलं की मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. मग मी रेडिओच्या नादी लागले. दोन स्टेशनांच्या मधली शिट्टी मला गाण्याहून आवडायची. काटा केसभर सरकवला की ती वर चढायची, घसरत खाली यायची. ही मींड घेतंय कोण, याचा विचार करता करता ताटातली भाजी गार व्हायची.

नव्वदीच्या सुरुवातीला, एक ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि त्यांचा जुना सिंथेसायझर माझ्याकडे आला. त्यात तयार आवाज एकही नव्हता. बटणं फिरवायची आणि आवाज आपला आपण घडवायचा. सुरुवातीला माझ्या खोलीतून म्हशीचं रेकणं, कुकरची शिट्टी असलं काहीबाही निघे. मला तेही फार आवडे. शेजाऱ्यांनी मात्र बाबांना पोरीचं लग्न उरकून टाकायचा सल्ला दिला.

हिवाळ्यात ते यंत्र तापल्याशिवाय सुरात येत नसे, आणि पंचवटीतला गारठा काही साधा नव्हे. मी त्याच्यावर गोधडी घालून वाट बघत बसायचे. बाबा दारातून म्हणायचे, "आम्ही सनईची पत्ती तोंडात भिजवतो, तुझ्या मशीनला पांघरूण लागतं. नखरे सारखेच."

पुढे काही वर्षांनी बाबांची फुप्फुसं थकली. घोटीपासून चांदवडपर्यंत लग्नं वाजवलेला माणूस, जिना चढताना दोनदा थांबू लागला. सनई खुंटीला लागली आणि त्यांचं बोलणंही आटलं. ते मला बघवेना. त्यांचा सूर त्यांना परत मिळावा म्हणून मी सनईचा आवाज घडवायला बसले. नाकातला बारीकपणा लवकर जमला. सूर लागतानाची ती किंचित ठेच मात्र कितीतरी सकाळी चकवत राहिली. अखेर जमली, तेव्हा मी बाबांना बोलावून वाजवून दाखवलं.

"आवाज सनईचाच आहे," ते म्हणाले. "पण वाजवणारा कुठाय?"

मला रागच आला. "मग तुम्हीच वाजवा," म्हणत मी चहा टाकायला उठले.

आधण येईपर्यंत खोलीतून सा ऐकू आला. एकच. तो थांबेचना. पट्टी अडकली की काय, म्हणून मी डोकावले. बाबांच्या उजव्या हाताचं बोट पट्टीवर होतं, डोळे मिटलेले, आणि सवयीने गाल फुगलेले. मग त्यांनी गाल सोडले, सावकाश श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. सा तसाच चालू होता.

"दम लागत नाही गं," ते म्हणाले.

मी चहा आणून शेजारी ठेवला. कप घ्यायला त्यांनी डावा हात पुढे केला.