पिलावरची मरळ

आमच्या सासऱ्यांचा विषय निघाला की माणसं हमखास म्हणतात, लई दयाळू माणूस. मला हा शब्द ऐकवत नाही. दया करणाऱ्याचं नाव होतं, आणि तिचं ओझं बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावर पडतं. माणूस चांगला होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण चांगल्या माणसाच्या घरात नांदणं सोपं नसतं.

येरमाळ्याच्या बाजाराहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आमचं तळं. निजामाच्या अमलात ते दरसाल लिलावात गुत्तेदाराकडे जायचं. मासे आम्हा भोयांनी धरायचे, भरल्या टोपल्या गुत्तेदाराच्या माणसानं न्यायच्या, आणि तळाशी उरलेली बारीक मासळी आमची. राज्य बदललं तशी सासऱ्यांनी सगळी भोई घरं गोळा करून सोसायटी काढली, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आणि तळं सोसायटीला मिळवलं. सोसायटीचे अध्यक्षही तेच झाले. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात या गोष्टीचा मोठा तोरा होता. फक्त तळ्यात मासे नव्हते.

म्हणजे मरळ होती. मरळीचं तोंड सापासारखं, अंग काळपट, आणि पाण्याबाहेरही ती बराच वेळ जगते. ओल्या फडक्यात गुंडाळून नेली तर बाजारापर्यंत जिवंत पोचायची. म्हणून तिला भाव. गिऱ्हाईक टोपलीत बोट घालून बघायचं. हलली तर घ्यायचं, नाहीतर तोंड वाकडं करून पुढं जायचं. मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दर बाजारी ती घेऊन बसायचो. पण मरळ खादाड. तिनं तळ्यातलं बारकं सारं खाऊन संपवलं, मग आपलीच पिल्लं खाल्ली, आणि शेवटी स्वतः रोडावली. जाळ्यात येईनाशी झाली तशी तरणी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली.

अशात मासळीखात्याचे साहेब जीपमधून आले. तळ्याला एक फेरी मारून बांधावर बसले आणि सासऱ्यांना म्हणाले, "तुमच्या तळ्यात खाणारे उरलेत, खाल्ले जाणारे संपलेत. मासाच बदला."

त्यांचं म्हणणं असं, की कलकत्त्याहून कटला आणि रोहू या माशांचं बी आणायचं. ते शेवाळावर वाढतात, एकमेकांना खात नाहीत आणि लवकर पोसतात. खातं बी देईल. मात्र त्याआधी तळ्यातली मरळ काढायची, एकूण एक. आणि एवढं करून तळं पिकलं नाही, तर वरचे लोक ते पुन्हा लिलावात काढतील. लिलाव म्हटल्यावर गुत्तेदाराचं तोंड सगळ्यांच्या डोळ्यांपुढं आलं. सासऱ्यांनी तिथंच शब्द दिला. माझ्या जावेला बी म्हणजे ज्वारीसारखं पोत्यातून येईल असं वाटलं होतं. ती कुठल्या कोठीत ठेवायचं ते विचारत होती.

उन्हाळ्यात पाणी आटून बांधाच्या भिंतीशी एक डबकं उरलं तेव्हा काम सुरू झालं. पुरुष पाग, म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, टाकत होते. आम्ही बायका गुडघाभर चिखलात वाकून हातानं चाचपत होतो, कारण मरळ चिखलात दडी मारते. मला तेव्हा पाचवा महिना होता. आधीचं एक पोटातच गेलं होतं, त्यामुळे आत्याबाई मला वाकू देत नव्हत्या आणि काठावर बसवून शिव्याही देत होत्या.

सगळं उपसून झालं आणि शेवटी भिंतीच्या सावलीत एक मरळीची जोडी राहिली. तिच्यावर तांबड्या पिल्लांचा घोळका तरंगत होता, पाण्यात कुणी कुंकू सांडावं तसा. मरळ इतर वेळी पिल्लं खाईल, पण नवी पिल्लं असतात तोवर नर-मादी दोघं त्यांच्याखाली फिरत राहतात. काठीनं डिवचलं तरी हलत नाहीत. अशा मरळीला आमच्यात पिलावरची मरळ म्हणतात आणि तिला धरत नाहीत. घरात बाई पोटुशी असली तर बघायलाच नको, पोटातल्या जिवाला बाधतं म्हणतात. तसल्या घरातला माणूस तिच्या बाजूनं पागसुद्धा झटकत नाही.

सासऱ्यांनी पाग खांद्यावर टाकला. म्हणाले, "सून पोटुशी हाय. ही जोडी ऱ्हाऊ द्या."

बाकीच्यांनीही आपापले पाग गुंडाळले. प्रत्येकानं तेच केलं असतं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पाऊस झाला, तळं भरलं. बी पत्र्याच्या डब्यांतून छोट्या रेल्वेनं येडशीला आलं आणि तिथून जीपमधून आमच्याकडं. सासऱ्यांनी नारळ फोडला. साहेबांनी डबे हळूच पाण्यात कलते केले, आणि पापणीच्या केसाएवढी ती मासळी बघता बघता दिसेनाशी झाली. पोळ्याच्या सुमाराला मला मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, रडकी. सासऱ्यांनी गावभर गूळ वाटला. मुलगी झाली म्हणून गूळ वाटणारं माणूस तेव्हा दुसरं नव्हतं.

त्याच महिन्यात आत्याबाईंनी घरी एक मरळ चिरली. तिच्या पोटातून बोटभर लांबीचा कटला निघाला, अख्खा, खवले चमकत असलेला. आत्याबाईंनी तो पाटावर ठेवला आणि कितीतरी वेळ पुढची मरळ हातात घेतली नाही.

थंडीत साहेबांनी जाळं ओढून बघितलं. मरळी आल्या, तरण्याताठ्या, खाऊन माजलेल्या. कटला नावाला. साहेबांनी विचारलं, मरळ सगळी काढली होती ना? सासरे पुढं झाले.

"पिलावरची व्हती. म्या सोडली."

साहेबांना अगोदर कळलंच नाही. कळलं तेव्हा ते चिडले नाहीत, नुसते कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, सांडव्यावरून ओढ्यातल्याही काही चढून आल्या असतील, सगळा दोष त्या एका जोडीचा नसेल. वर लिहून आणखी एक वर्ष मागून घेतो, पण हे शेवटचं. साहेब सांडव्याचं बोलले ते कुणी मनावर घेतलं नाही. नुकसानीला लोकांना माणूस लागतो, ओढा चालत नाही.

सासऱ्यांनी अध्यक्षपद सोडलं. त्यांच्या तोंडावर कुणी बोलायचं नाही, कारण त्यांच्या जागी आपणही तेच केलं असतं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. मग तो राग गेला कुठं? तो माझ्या लेकीवर आला. पाणवठ्यावर मी घागर खाली ठेवली की बायका बोलायचं थांबायच्या. एकदा एकीनं थांबायचे कष्ट घेतले नाहीत. "आमचे गडी खडी फोडतेत," ती म्हणाली, "हिच्या पांढऱ्या पायाच्या पोरीपायी." लेक तेव्हा नीट बसतही नव्हती. तिचे पाय मी रोज तेल लावून चोळत होते. मी घागर तिथंच टाकून घरी आले आणि तापल्या डोक्यानं सासऱ्यांना म्हणाले, "मामंजी, दया तुम्ही केलीत आणि डाग माझ्या लेकीला लागला." त्यांनी पानाची पिशवी काढली, पुन्हा ठेवली.

दुसरा उन्हाळा आला. पुन्हा चिखल, पुन्हा पाग. या खेपेला माणसं इरेला पेटली होती. आणि शेवटी भिंतीच्या सावलीत पुन्हा तेच, एक जोडी आणि तिच्यावर तांबडा घोळका. नवा अध्यक्ष पाग घेऊन उभा राहिला आणि सासऱ्यांकडं बघायला लागला. त्याच्या पाठीमागचेही सगळे त्यांच्याकडंच बघत होते. वर्षभर ज्यांनी माझ्या पोरीच्या पायांना नावं ठेवली, त्यांच्यातल्या एकाचाही हात उठेना.

मी लेकीला कडेवर घेऊन पाण्यात उतरले.

"मामंजी, ज्या पोरीसाठी सोडली व्हती ती ही इथं हाय. धडधाकट हाय. आता टाका पाग."

आत्याबाई काठावरून ओरडल्या, पोरीला घेऊन पाण्यात कशाला गेलीस म्हणून. सासऱ्यांनी लेकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी पाग फेकला. तो नेहमीसारखा गोल पडला नाही, पण जोडी सापडली. पिल्लं जाळ्याच्या भोकांतून निसटली आणि जिथं मरळ होती त्याच जागी घिरट्या घालत राहिली. मग माणसांनी फडकी लावून तीही काढली. ते मी बघितलं नाही. ते बघण्याइतकी मी कठीण नव्हते.

जोडी सासऱ्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही. घरी आणून माझ्यापुढं ठेवली. "अंगावर पाजतीस," म्हणाले, "मरळीनं दूध येतं. खा." मी कालवण केलं. ते जेवायला बसले, भाकरी मिठाशी खाऊन उठले. मी मात्र पोटभर जेवले. मला राग होता आणि भूकही होती.

त्या पावसात आलेलं बी जगलं. कटला असा पोसला की बाजारात गिऱ्हाईक आधी त्याच्या आकारालाच भ्यायचं. तळं सोसायटीकडंच राहिलं. पहिलं मोठं जाळं लागलं त्या दिवशी पाणवठ्यावरची तीच बाई हातात कटला घेऊन आमच्या दारात आली. म्हणाली, "बाहेर आण की तुझ्या लेकीला. लई चांगल्या पायगुणाची पोर हाय, बघ."

मी मासा घेतला. लेक आत जागीच होती, भिंतीला धरून पावलं टाकत होती. मी म्हटलं, झोपलीय.