गंगीने चोरलेला पान्हा

चंपतराव गवळ्याची गंगी म्हैस चौथ्या दिवशीही पान्हा चोरून उभी होती. उमरेड रोडला दोन अपार्टमेंटच्या मधात दबलेला गोठा आणि बारा म्हशींतली ही शेवटची. तिचं पारडू मेलं, तरी चंपतराव खाली बसले की धार द्यायची, म्हणून तर ठेवली होती. आता ते तोंडाच्या ऑपरेशननंतर घरी आले, अर्धी जीभ दवाखान्यातच ठेवून, तर ही बया त्यांनाही दाद देईना.

सगळ्यांचं निदान एकच: म्हशीला मालकाचा आवाज पाहिजे. धार काढताना ते जीभ टाळूला लावून चुचकारायचे, आता ते कसं जमावं? बायकोनं, अंजनाबाईनं, चुचकारून पाहिलं, गोंजारलं, शेवटी दोन शिव्याही हासडल्या. गंगीनं नुसती शेपटी हलवली. उद्या व्यापारी तिला न्यायला येणार होता. दूध न देणारी म्हैस कुठं जाते, हे चंपतरावांना चांगलं ठाऊक होतं. जीव तुटत होता त्यांचा.

संध्याकाळी ते बादली घेऊन नुसतेच तिच्याजवळ बसले. पस्तीस वर्षं धारेआधी या हातांनी खर्रा घोटला होता. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळव्यावर खसाखसा. त्या खर्र्यानंच जीभ खाल्ली. बाजूला गुळाची रिकामी पन्नी पडली होती. हाताची खोड, दुसरं काय! उचलली आणि घोटायला लागले.

गंगीचे कान वळले. पाहता पाहता सड तटतटले आणि दूध गळायला लागलं. हात्तिच्या! म्हणजे इतकी वर्षं ही चुचकारणं ऐकतच नव्हती.

तेवढ्यात अंजनाबाई घरातून धावत आली. तो आवाज तिच्याही कानात बसलेला होता.

"पोराची शपथ घेतली होती तुमी," ती म्हणाली. "मराचंच हाय का?"

चंपतरावांनी पन्नी उलगडून तिच्यापुढं धरली. आत काहीच नव्हतं. मग त्यांनी म्हशीकडे बोट दाखवलं.

अंजनाबाई गळणारं दूध पाहत राहिली. पण घोटायला दोन हात लागतात आणि धार काढायलाही दोन.

"आणा इकडं," ती म्हणाली. "मी घोटतो. तुमी काढा."

ज्या आवाजाला जन्मभर शिव्या घातल्या, तोच काढत ती गोठ्यात बसली. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता.