ठेंगण्या गाडीचे रुंद टायर

होळीच्या आधीचा रविवार. आमच्या सोसायटीच्या समितीने फाटकाच्या आत सिमेंटचा उंचवटा घालायचे ठरवले. जबाबदार: अध्यक्ष. सभासदांना सूचना दिली नाही, त्यास जबाबदार: सचिव.

गुढीपाडव्यानंतरचा पहिला सोमवार. उंचवटा ओतला गेला. त्याला उतार किती ठेवायचा हे कोणी सांगितले नाही. जबाबदार: ठेकेदार, आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून देखरेख करणारे खजिनदार.

त्याच आठवड्यातला शुक्रवार. माझ्या मुलीची गाडी कामावरून परतताना त्या उंचवट्यावर पोटाने घासली आणि पुढच्या बंपरची खालची पट्टी मोडली. जबाबदार: वरील सर्व.

महाराष्ट्र दिन. सुट्टी असल्यामुळे मुलगी दुपारी घरी होती. जेवताना तिने सांगितले की तिने करावे गावात भाड्याची खोली पाहिली आहे. याला जबाबदार कोण, हे ठरवण्यासाठीच मी हे लिहीत आहे.

माझी सारी नोकरी न्हावा शेवा बंदरात मालाची कागदपत्रे सोडवणाऱ्या एका एजंटच्या कचेरीत गेली. मराठवाड्यातल्या आमच्या वस्तीला पाण्याचा नळ मिळाला तो अर्ज करून मिळाला, आणि तो अर्ज माझ्या वडिलांनी तोंडी सांगून मास्तरांकडून लिहून घेतला होता. तेव्हापासून माझी अशी धारणा आहे की जो माणूस लिहून मागत नाही त्याच्याकडून लोक मिळालेलेही परत मागतात. सोसायटीत मला 'पत्रवाले काका' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मला त्याचा राग येत नाही. उत्तर आले नाही की मात्र येतो.

माझी मुलगी बंदराजवळच्या कंटेनर यार्डात काम करते. कोणता कंटेनर कोणत्या रांगेत ठेवायचा आणि कधी उचलायचा, हे ती ठरवते. पाळी कधी पहाटेची, कधी दुपारची. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघेच. तिने स्वतःच्या पगारातून एक जुनी पण ताकदवान इंजिनाची गाडी घेतली. महिन्यातून एखाद्या रविवारी ती गाडी घेऊन दूरच्या एका बंदिस्त ट्रॅकवर जाते आणि तिथे वेळ लावून, जमेल तितकी वेगात चालवते. रस्त्यावर मात्र ती माझ्यापेक्षाही हळू चालवते. हे मी शेजारी बसून पाहिलेले आहे.

वळणावर कमी कलंडावी म्हणून गाडी जमिनीकडे खाली घेण्यासाठी तिने आखूड स्प्रिंगा आणल्या, तेव्हा मी अडून बसलो. वाहनात बदल करायचा तर परवानगी हवी. मी तिला परिवहन कार्यालयात अर्ज करायला लावला, आणि लेखी उत्तर येईपर्यंत त्या स्प्रिंगा खोक्यातच माझ्या पलंगाखाली राहिल्या. तिने कुरकुर केली नाही. अधूनमधून वाकून खोके जागेवर आहे का एवढे पाहायची. परवानगी आल्यावरच गाडी ठेंगणी झाली. तेव्हा कायद्याच्या बाजूने या गाडीवर कोणालाही बोट ठेवता येणार नाही. बोट ठेवावे ते त्या उंचवट्यावर.

मी अध्यक्षांना भेटलो. गतिरोधक किती उंच आणि किती रुंद असावा याचे ठरलेले प्रमाण असते, हे त्यांना दाखवले. ते हसले.

"साहेब, तो गतिरोधक नाहीच. उंचवटा आहे. पाणी अडवायला घातलाय. तुमचे गतिरोधकाचे नियम त्याला लागू होत नाहीत."

"पाण्याला उंची लागते. उभी कड कशाला लागते?"

"आता झालं ना ते. बाकी सगळ्यांच्या गाड्या जातात. एका गाडीसाठी परत तोडफोड करायची? मुलीला सांगा, ही पोटावर सरपटणारी विकून एखादी साधी उंच गाडी घे. तुम्हालाही चढायला बरी पडेल."

इथे मी एक गोष्ट नमूद करतो, कारण एकतर्फी निवेदन मला मान्य नाही. गेल्या पावसाळ्यात मीटरच्या खोलीकडे पाणी सरकले, तेव्हा रात्रंदिवस पंप लावून ते उपसणारे हेच अध्यक्ष होते. आम्ही बाकीचे जिन्यात उभे राहून सूचना देत होतो. त्यांची भीती खरी आहे. म्हणूनच माझ्या मुलीने त्यांच्याशी वाद घातला नाही. तिने खडू घेतला आणि फाटकाजवळच्या जमिनीवर आखून दाखवले: उंची आहे तेवढीच ठेवा, दोन्ही बाजूंचा उतार फक्त लांबवा. पाणीही अडेल आणि गाडीही जाईल. अध्यक्षांनी ते पाहिले, "बघू" म्हणाले, आणि नंतर काहीच झाले नाही. मुलगी गाडी बाहेर सर्व्हिस रोडवर लावू लागली. तिथे एका टेम्पोने तिचा आरसा उडवला, आणि दोनदा वाहतूक पोलिसांनी गाडी उचलून नेली. पाळीवरून थकून आल्यावर ती खिडकीशी उभी राहून गाडीकडे पाहत राहायची. मग ती खोलीची गोष्ट निघाली.

त्याच सुमारास गाडीचे टायर बदलायला झाले. ती मला करावेतल्या एका टायरच्या दुकानात घेऊन गेली. दुकानाचे मालक माझ्याच वयाचे. वडील खाडीत मासेमारी करत, आता दुकानाच्या वर यांची स्वतःची इमारत उभी आहे. गळ्यात जाड साखळी, आवाज खाडीच्या पलीकडे जाईल असा.

"बसा काका. च्या येते." मग मुलीला म्हणाले, "बोल पोरी, शर्यतीचा टायर पायजे का रस्त्याचा?"

"रस्त्याचाच. पण रुंद."

ती का ते मला समजावून सांगत गेली. शर्यतीच्या टायरचे रबर मऊ असते, रस्त्याला चिकटते, पण लवकर झिजते आणि ओल्या रस्त्यावर घसरते. शिवाय बंदराच्या रस्त्यावर कंटेनरच्या तोडलेल्या सिलांचे लोखंडी तुकडे पडलेले असतात. मऊ रबर ते लगेच पोटात घेते. म्हणून रस्त्याचा टायर. आणि रुंद अशासाठी की ब्रेक दाबला किंवा वळण घेतले की जास्त रबर जमिनीला धरून राहावे.

मालकांनी तीन टायर आणून जमिनीवर आडवे ठेवले. मी चष्मा लावून त्यांच्या कडेवरचे आकडे वाचले. पहिल्या दोन्हींवर २२५, तिरकी रेघ, ४५. तिसऱ्यावर २०५, तिरकी रेघ, ५५.

"म्हणजे रुंदी सव्वादोनशे मिलिमीटर आणि उंची पंचेचाळीस मिलिमीटर," मी म्हणालो.

"नाही बाबा. दुसरा आकडा टक्का आहे. कडेची उंची रुंदीच्या पंचेचाळीस टक्के."

"एकाच ओळीत शेजारी दोन आकडे, एक मिलिमीटर आणि एक टक्का, आणि दोन्हींपुढे परिमाण नाही? असा मसुदा माझ्या टेबलावर आला असता तर मी परत पाठवला असता."

"मंग पाठवा पत्र काका," मालक म्हणाले. "जगातल्या सगल्या टायर कंपन्यांना. तवर पोरगी सायकलवर जाईल."

मी हिशेब केला. पहिले दोन रुंद होते, पण त्यांचे चाक आधीच्या चाकाएवढेच उंच भरत होते. तिसरा अरुंद असूनही उंच भरत होता. तो घातला तर गाडी सेंटिमीटरभर वर उठली असती. फाटकातल्या त्या सिमेंटच्या कडेपासून बंपरची पट्टी सुटायला बहुधा तेवढेच पुरले असते. मी त्या तिसऱ्या टायरवर हात ठेवला.

"हा घे."

"हा नाही चालणार. चाकावरच्या कमानीला घासेल."

"जरासा घासला तर घासला. घरात तर येशील."

"खाली घ्यायला एवढा खटाटोप केला," मालक म्हणाले, "आन् आता टायरनं वर उचलनार? मंग पयल्या स्प्रिंगा काय वाईट व्हत्या?"

मी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. चाकाचा आकार गाडीच्या मूळ आकाराशी जुळला पाहिजे, दोनशे पाच हीच मूळ रुंदी आहे, असा मुद्दा मी मांडला. मुलीने शांतपणे सांगितले की कंपनी याच गाडीच्या वरच्या मॉडेलला २२५ आणि ४५ देते, आणि २०५ आणि ५५ कुठल्याच मॉडेलला देत नाही. हे मला आधीच ठाऊक होते. मग ती म्हणाली,

"बाबा, तुम्ही टायर निवडताय की माझा पत्ता?"

मालकांनी चहाचा कप खाली ठेवला. "आता सांगूनच टाकतो. ती खोली माजीच हाय, वरती. खालची फरशी सपाट हाय. तुमी पट्टी लावून मोजा, नायतर अर्ज करा. पन पोरीला चुकीचा टायर नका घालू. मी धंदेवाला हाय, तिन्ही इकायलाच बसलोय. तरी सांगतो."

मुलगीच उठली. "बाबांना पुरावा लागतो," ती म्हणाली, आणि तिने तो उंच टायर पुढच्या डाव्या चाकाला चढवायला सांगितले. चढवून झाल्यावर मालक स्वतः त्या चाकावरच्या मडगार्डवर रेलले. माणूस वजनदार, गाडी खड्ड्यात दबावी तशी त्या कोपऱ्यात दबली. मुलीने आत बसून स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवले. आतून करकर असा आवाज आला. मी वाकून कमानीच्या आतल्या काठावरून बोट फिरवले, ते काळे झाले. टायरच्या खांद्यावर नवीन रबराची साल निघाली होती.

"हे इथे उभ्या गाडीला," ती म्हणाली. "पाम बीच रोडवर पुलाच्या एखाद्या सांध्यावर चाक उडाले, आणि बाजूला ट्रेलर असला, तर?"

पुराव्यापुढे मी हरकत मागे घेतली. तो साल निघालेला टायर मालकांनी मुकाट्याने स्वतःच्या खात्यात टाकला आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

उरले दोन रुंद टायर. एकाची कड कडक होती. वळणावर गाडी जास्त चटकन वळली असती. दुसऱ्याची कड जरा नरम, पण मधली पाण्याची खोबण खोल. रुंद टायर पावसात पाण्यावर चढतो, ते पाणी बाहेर फेकायला खोबण लागते, एवढे मला तोवर कळले होते. "पावसाळ्यात पहाटे बंदरावर जाताना कोणता थांबेल?" मी विचारले. तिने दुसऱ्याच्या खोबणीत अंगठा घालून मला दाखवला. नख पूर्ण आत गेले. ट्रॅकवर काही क्षण वाया जातील, म्हणाली. चालेल, म्हणाली. चार चाके बसली. गाडी पूर्वीइतकीच ठेंगणी होती, पण जमिनीवर पाय रोवून उभी असल्यासारखी दिसत होती. मला ती, खरे सांगतो, सुंदर दिसली.

पुढच्याच रविवारी ती खोलीवर राहायला गेली. भांडून गेली नाही. माझ्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून गेली, गॅसवाल्याचा नंबर फोनमध्ये घालून गेली. आता सुट्टीला येते ती रिक्षाने, गाडी करावेत ठेवून. तिची पार्किंगची पिवळ्या रेघेची जागा माझ्या नावावर आहे, तिचे शुल्क मी भरतो, आणि ती जागा रिकामी असते. संध्याकाळी फेरी मारताना मी तिच्या बाजूने जातो. रात्रीच्या जेवणाला आता मी एकटा असतो, आणि दोन माणसांचा भात लावायची सवय अजून सुटलेली नाही.

माझी मागणी उंचवटा काढून टाकण्याची नाही. पाणी अडलेच पाहिजे. माझी मागणी अशी की येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अध्यक्षांनी सर्व सभासदांसमोर उभे राहून सांगावे: उंची तीच ठेवून उतार लांबवायला नेमकी कोणाची हरकत होती? ती हरकत कोणत्या बैठकीत घेतली गेली? "बघू" म्हटल्यावर कोणी पाहिले? आणि ज्या घरातले मूल फाटकातून आत येऊ शकत नाही, त्या घराला या सोसायटीत सभासद म्हणतात की आणखी काही? मला उत्तर लेखी नको. लेखी उत्तरे मी आयुष्यभर वाचली आहेत. ते त्यांनी माईक हातात घेऊन, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असे द्यावे.