न दिसलेल्या चंद्राचे साक्षीदार

आमच्या दुखैलकाकांनी एकदा रस्त्याकडेच्या डांबराच्या पिंपाला सलाम घातला. नुसता सलाम नाही. छातीवर हात ठेवून घरच्यांची खुशाली विचारली, शेळ्यांची विचारली, आणि पिंप काही बोलेना तेव्हा "हल्ली माणसांना फार माज आलाय" असं पुटपुटत पुढे गेले. हे मी शाळेच्या खिडकीतून पाहिलं. मी गावच्या शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे खिडकीबाहेर बघायला मला भरपूर वेळ मिळतो. मला वाटलं, काका गंमत करतायत. गंमत करणं हा काकांचा स्वभाव नव्हता, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

कारण दुखैलकाका म्हणजे वुशैला गावचे डोळे. अरबस्तानातल्या नज्दच्या पठारावरच्या आमच्या या गावात ईदचा चंद्र चाळीस वर्षं तेच बघत आले होते, त्यांच्या आधी त्यांचे वडील. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी काका टेकडीवर चढायचे, सूर्य बुडाला की कोर शोधायचे आणि खाली येऊन काझींपुढे शपथेवर साक्ष द्यायचे. दिसली तर उद्या ईद, नाही तर तिसावा रोजा. खोऱ्यापलीकडच्या शेळ्या ते इकडून मोजत आणि त्यातली लंगडी कोणती तेही सांगत. हेसाकाकू म्हणायची, "ह्यांना पलीकडच्या डोंगरावरची शेळी दिसते, घरातलं पाणी संपलेलं दिसत नाही."

त्या वर्षी मात्र गावाचं लक्ष टेकडीच्याही वर होतं. राजघराण्यातले अमीर मुहन्ना अंतराळयानात बसून आकाशात गेले होते. एरवी विमान चालवणारा तरणाबांड राजपुत्र, पण आता प्रत्येक घरात त्याचं नाव. शाया वाण्याच्या दुकानात टीव्ही होता, तिथे रोज अर्धं गाव जमायचं. अमीर तरंगत कसे जेवतात, नमाजासाठी किब्ल्याची दिशा कशी ठरवतात, पगडी तरंगते की डोक्यावर राहते, यावर शायाकडे सगळी उत्तरं तयार असत. उचलली जीभ लावली टाळ्याला. मग बातमी आली की अमीर वरून ईदचा चंद्रही बघणार आहेत.

"अबू नासिर," शाया सगळ्यांसमोर काकांना थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाला, "यंदा जरा जपून बरं का. तुमच्यावर नजर ठेवायला खुद्द राजघराण्यातला माणूस वर बसवलाय."

"तो दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो म्हणे," काका म्हणाले. "म्हणजे दिवसाला सोळा वेळा सूर्य बुडतो त्याचा. त्याला विचार, सोळा वेळा खजूर खाऊन रोजा सोडतोस काय."

दुकानात हशा पिकला. काका हसले नाहीत, लवकर उठून घरी गेले.

एकोणतिसाव्या रोज्याला दुपार कलल्यावर मी पिकअप घेऊन काकांच्या दारात गेलो. काकूने खजुराची पुरचुंडी आणि कहव्याचा थर्मास माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "हुमूद, टेकडीवर त्यांचा हात धर."

"का? पाय दुखतात?"

"पाय ठणठणीत आहेत." मग ती काकांकडे वळली. "ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? सांगा त्याला."

गाडी गावाबाहेर पडली. मग काका समोर बघत म्हणाले, "दोन वर्षं झाली. डोळ्यांवर दूध सांडल्यासारखं झालंय."

मला ते पिंप आठवलं. "मग गेल्या वर्षीचा चंद्र?"

"चंद्र कुठे असायला हवा ते मला पाठ आहे रे. सूर्य कुठे बुडाला, त्याच्या डावीकडे किती बोटं, किती वर. सगळं पाठ. म्हटलं, दिसला."

"शपथ घेऊन?"

"शपथ घेऊन."

खरं सांगतो, मला काकांचा राग आला. सबंध गावाचा रोजा या माणसाच्या शब्दावर सुटतो, आणि यांनी पाठांतर म्हणून दाखवलं. मी काहीतरी बोलणार होतो, पण ते म्हणाले, "डोळे नसलेला दुखैल म्हणजे कोण, सांग बघू. कोणी नाही. एक म्हातारा शेळीवाला." माझा राग तिथेच विरला. चाळीस वर्षं माणूस वर्षातून एका संध्याकाळी मोठा व्हायचा, आणि उरलेलं वर्ष त्यावर काढायचा.

"यंदा खोटी शपथ घ्यायची नाही," ते म्हणाले. "पण गावाला सांगायचंही नाही. तुला कोर दिसली की माझा हात दाब."

"काका, मला चष्मा आहे."

"मग नीट पुसून घे."

टेकडीवर पंधरा-वीस जण होते. शायाचा थोरला मुलगा सत्ताम दुर्बीण घेऊन आला होता. सूर्य बुडाला. आम्ही खजूर खाल्ले, घोट-घोट पाणी प्यायलो, नमाज पढला आणि पश्चिमेकडे टक लावून उभे राहिलो. मी चष्मा तीनदा पुसला. काही नाही. काका माझा हात धरून उभे होते.

"तो बघा," सत्ताम म्हणाला. "त्या खडकाच्या वर. बारीक आहे, पण आहे."

"आहे, आहे," कोणीतरी म्हणालं. लगेच आणखी चौघांनी री ओढली. घरोघरी ईदची बिस्किटं भाजून झाली होती, नवे कपडे शिवून टांगलेले होते; अशा वेळी चंद्र दिसायला फार कष्ट पडत नाहीत. पण आमचे काझी हो ला हो करणाऱ्यांना विचारत नसत. त्यांना दोन खात्रीचे साक्षीदार लागत. सत्ताम एक. दुसरे कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे काकांकडे वळले.

"बोला अबू नासिर," सत्ताम म्हणाला. "खाली जाऊ या ना?"

काकांनी माझा हात सोडला. मला वाटलं, आता हो म्हणतात. चंद्र कुठे असायला हवा ते त्यांना पाठच होतं.

"सत्ताम," ते म्हणाले, "कोरीची शिंगं कुठल्या बाजूला आहेत?"

"खाली. सूर्य बुडाला तिकडे."

"नवा चंद्र सूर्याकडे पोट करतो, बाळा. शिंगं कधी करत नाही. तू विमानाच्या धुराचा तुकडा बघतोयस, जरा थांब, वाकडा होऊन विरेल."

आम्ही थांबलो. तो वाकडा होऊन विरला. "ह्याला म्हणतात नजर," कोणीतरी म्हणालं, आणि तिथेच गोष्ट संपली असती. काकांची अब्रू राहिली होती, शपथही खोटी पडली नव्हती. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

"नजर कसली," काका म्हणाले. "मला तो धूरही दिसला नाही. तुझा चेहरा दिसत नाही, सत्ताम. दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी मी शपथेवर खोटं बोललो."

मला स्वतःचीच लाज वाटली, कारण मी त्यांना गप्प राहू दिलं असतं.

काझींपुढे त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. काझींनी खूप वेळ दाढीवरून हात फिरवला. "गेल्या वर्षी आणखी तीन गावांनी चंद्र पाहिला होता," ते म्हणाले, "लोकांचा रोजा वाया गेला नाही. तुझी शपथ गेली, तिच्यासाठी तोबा कर. आणि उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, मूर्खा." रेडिओवर सांगितलं की देशात कुठेच चंद्र दिसला नाही. गावाने तिसावा रोजा धरला आणि दिवसभर काकांच्या नावाने बोटं मोडली.

शायाने तर वर्षभर पिच्छा सोडला नाही. त्या पिंपाची गोष्ट माझ्या तोंडून फुटली होती; त्याने दुकानासमोर एक पिंप आणून ठेवलं आणि काका दिसले की म्हणायचा, "या अबू नासिर, भाऊबंद वाट बघतायत." रियाधला शस्त्रक्रिया होऊन काकांचे डोळे चांगले झाले, तरी पुन्हा साक्षीला त्यांनी नाव दिलं नाही. टेकडीवर जायचे, सत्तामला शिकवायचे, आणि काझींकडे मात्र आपल्याऐवजी त्याला पाठवायचे.

बऱ्याच वर्षांनी अमीर मुहन्ना आमच्या गावी आले. आता कानशिलं पांढरी झाली होती, आणि जुनी मातीची गावं जतन करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. आमचा पडका बाजार बघायला आले होते. पाहुण्यांच्या तंबूत गर्दी. शायाने संधी सोडली नाही. "आयुष्यवंता, तुम्ही वरून ईदचा चंद्र शोधत होता ना, त्या संध्याकाळी खालून आमचे हे अबू नासिर शोधत होते. ह्यांना काही दिसलं नाही."

लोक हसले. काका खाली बघत राहिले. अमीर हसले नाहीत. उठून काकांशेजारी येऊन बसले.

"काका, मलाही दिसला नव्हता," ते म्हणाले. "एवढीशी खिडकी. सूर्य क्षणात बुडायचा, क्षणात उगवायचा. खालून सगळे विचारत होते, दिसला का, दिसला का. हो म्हणून टाकावंसं फार वाटलं."

"मग?" काकांनी विचारलं.

"म्हटलं, नाही दिसला. चुलतभाऊ अजून चिडवतात."

काकांनी कहवा वाढणाऱ्याच्या हातातून किटली घेतली आणि अमीरांचा पेला स्वतः भरला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

"आमच्या काझींना दोन साक्षीदार लागायचे," ते म्हणाले. "इतकी वर्षं मला वाटत होतं, मी एकटाच आहे."