शून्यबुवांचे पाच सेंट

पाऊस पडला नाही, हे सांगायला रोज सकाळी नऊ वाजता रेडिओवर येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पाहिला म्हणजे ऐकला. प्रत्यक्ष गाठ पडली ती एकदाच, पौडच्या एसटी थांब्यावर. बुवांच्या खांद्यावर लॉरीची बॅटरी होती आणि ती चार्ज करून घ्यायला ते डोंगरावरून खाली आले होते.

साठ सालच्या आगेमागे आम्ही पाच-सहा हौशी रेडिओवाल्यांनी मुळशीच्या खोऱ्यात पाऊस मोजायचं खूळ डोक्यात घेतलं होतं. प्रत्येकाच्या अंगणात एक पर्जन्यमापक, घरात एक बोलता-ऐकता येणारा रेडिओसंच. साडेआठला भांड्यातलं पाणी मोजायचं, नऊला हवेत आकडा सांगायचा. मी भूगावच्या शाळेत मास्तर. आकडे उतरवून घ्यायचं आणि सगळ्यांवर डाफरायचं काम माझ्याकडे होतं. दोन्ही मी मनापासून करत असे.

बुवा धरणाच्या पाण्यापलीकडे एका वाडीत राहायचे. लष्करात बिनतारी खात्यात नोकरी करून आलेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. वाडीतली माणसं पोटासाठी मुंबईला गेलेली. शेजाराला उरली होती एक ठार बहिरी म्हातारी. पावसाळ्यात बुवांचा आकडा सर्वांत मोठा असायचा, पण आम्हाला गंमत वाटायची ती कोरड्या दिवसांची. उघडीप पडली की बाकीचे दांडी मारत. बुवा मात्र हजर. "पलीकडचं ठाणं. पाऊस शून्य. नीट बगून सांगतोय." एकदा मी म्हटलं, "अहो बुवा, आभाळ स्वच्छ आहे, मोजता काय?" तर म्हणाले, "शून्य बी मोजावंच लागतं, गुरुजी. भांडं न बगता शून्य म्हनलं तर ती थाप झाली." तेव्हापासून आम्ही त्यांना शून्यबुवा म्हणू लागलो.

त्यांना एक खोड होती. आकडा झाला की "बॅटरी उतरतीया, आवरतो" म्हणायचे आणि आवरायचे नाहीत. हळूच विचारायचे, "आज भाजी काय, गुरुजी?" मी सांगायचो, वांगं, दोडका, जे असेल ते. मग "हां, बरं हाय," म्हणून बंद करायचे. त्यांच्याकडे काय शिजलंय, हे मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी नियम काढला. रोजची हजेरी बंद. नऊला पाच मिनिटं संच लावून ठेवायचा, पण ज्याच्याकडे पाऊस पडला असेल त्यानंच बोलायचं. सगळ्यांना बरं वाटलं. बुवा तेवढे म्हणाले, "मंजी शून्यवाल्यानं बोलायचंच न्हाई?" मी म्हटलं, "जूनपर्यंत सुट्टी घ्या की." दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं दुसरं कोण होतं, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

महिनाभर हवेत कोणी आलं नाही. मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी बुवांचा आवाज. "पलीकडचं ठाणं. पाऊस पाच सेंट." सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, पाच सेंट म्हणजे अंगण जेमतेम भिजेल एवढा पाऊस. पण खोऱ्यात कुठे ढगाचा ठिपका नव्हता. मी पौडवाल्याला विचारलं, लोणावळेवाल्याला विचारलं; दोघेही कोरडे. झालं, माझ्यातला मास्तर जागा झाला. "बुवा, दव मोजलंत काय? की झोपेत होतात?" कुणीतरी हसलं. बुवा म्हणाले, "दवच आसंल, गुरुजी. चुकलं." आणि लगेच, "आज भाजी..."

"बुवा, नियम म्हणजे नियम," असं म्हणून मी संच बंद केला आणि वहीतल्या त्या पाचावर तांबडी रेघ ओढली. ओढताना मला चांगलं समाधान वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

जूनमध्ये हजेरी पुन्हा सुरू झाली. बुवा रोज नऊला येत, आकडा सांगत आणि खरोखरच आवरत. भाजी त्यांनी पुन्हा विचारली नाही. मला वाटलं, चला, शिस्त लागली.

श्रावणात लागोपाठ चार दिवस त्यांचा आकडा आला नाही. पाचव्या दिवशी मी एसटीनं पौडला गेलो आणि पुढे मिळेल त्या गाडीनं, उरलेलं पायी, भिजत वाडीवर पोचलो. दाराला कडी होती. मी काही विचारायच्या आतच ती म्हातारी म्हणाली, "तापानं गेलं बुवा. परवा समदं उराकलं. आंगात ताप आसताना बी त्या भांड्यापाशी जायाचं." मग तिनं आतून एक जाडजूड वही आणली. "ही सरकारची हाय का? मी चुलीत घालनार हुते."

पडवीत बसून मी वही चाळली. अंगणातलं भांडं काठोकाठ भरून वाहत होतं. त्या सुट्टीच्या महिन्यांतसुद्धा बुवांनी एक दिवस सोडला नव्हता. ओळीनं शून्यं लिहिलेली. मार्गशीर्षातला तो दिवस मी शोधून काढला. तिथेही शून्यच होतं. पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, "हवेत पाच सांगितले. बोलायला कारण पाहिजे होतं."

त्या दिवशी आमच्याकडे मेथीची भाजी होती. सांगायला माझं काय जात होतं?