आबांची वजनदार बॅटरी

मी शाळेत विज्ञान शिकवते. गेली पंधरा वर्षं फळ्यावर विद्युतघट काढतेय, अधिक-उणे घोकून घेतेय. आणि माझ्या सख्ख्या बापानं बॅटरी कशी निवडावी? तर उचलून!

आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखणारे. दिवाळी झाली की आमचा कळप आमच्या गावाहून, चकलांब्याहून निघतो आणि उन्हाळा सरेपर्यंत या शिवारातून त्या शिवारात हिंडतो. पूर्वी बिऱ्हाड घोड्यावर असायचं, आता टेम्पोत असतं. खाट, चूल, चार कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, सगळं मागं. शहरातले लोक असल्या चाकावरच्या घरात म्हणे हौसेनं सुट्टी घालवतात. आमच्याकडं सुट्टीच नाही, हौस कुठून येणार.

आबांना साखर आहे. मागच्या साली त्यांचं इन्सुलिन कमरेच्या पिशवीत उन्हातान्हात हिंडलं, बिघडलं, आणि इकडं पाय चिघळला. भावानं त्यांना टेम्पोत घालून अर्ध्यातून परत आणलं. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, औषध थंड राहणार असेल तर जा, नाहीतर घरी बसा. ‘घरी बसा’ ऐकून आबा दोन दिवस जेवले नाहीत. साखरेच्या माणसानं उपाशी राहून रुसायचं, म्हणजे कमालच!

मग मीच पदर खोचला. टेम्पोच्या टपावर सोलर पॅनेल, आत छोटा फ्रिज आणि फ्रिजला रात्रंदिवस चालवणारी बॅटरी. पॅनेल आणि फ्रिज तासाभरात ठरले. बॅटरीसाठी आबांना घेऊन गेवराईच्या दुकानात गेले, तिथं माझं विज्ञान आडवं झालं.

दुकानात दोन जाती होत्या. एक घरच्या इन्व्हर्टरला असते तसली, शिशाची, भली दांडगी. तिला वरचेवर पाणी घालावं लागतं, निम्म्याखाली उतरवली की ती खराब होते, आणि खड्ड्यांशी तिचं वैर. आमच्या रस्त्यांवर खड्डे सोडून दुसरं आहे काय? दुसरी लिथियमची. आकारानं लहान, वजनाला हलकी, पाणी नको, जवळजवळ तळापर्यंत वापरा. मी वहीत हिशेब मांडून नेला होता, फ्रिज दिवसाला किती वीज पितो आणि आभाळ आलं तर किती दिवस निभावेल. दुकानदार माना डोलवत होता. आबा वहीकडं बघतसुद्धा नव्हते.

आबांची पारख हातात. मेंढ्याच्या पाठीवरून पंजा फिरवायचा, कमरेला दाबायचं, मग उचलायचं. बाजारात व्यापारी मीठ चारून, पाणी पाजून बोकड जड करतात. आबा नुसतं उचलून सांगतात, ह्याच्यात पाणी हाय. त्यांनी लिथियमची बॅटरी एका हातानं उचलली आणि खाली ठेवली.

“ही भाकड हाय.”

मग शिशाचीला हात घातला. वाकले, दोन्ही कड्या धरल्या, मानेच्या शिरा फुगल्या. बॅटरी जागची हलली नाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले, कारण मला आबांकडं बघवेना. आमच्यात एक रीत आहे. मोठा मेंढा उचलून टेम्पोत घालता येईनासा झाला की माणसानं काठी पोराच्या हातात द्यायची आणि कळपामागं जाणं सोडायचं. कुणी सांगत नाही, ज्याचं त्यानं ओळखायचं.

आबांनी धोतराला हात पुसले. “हीच घे बाई. लई दम हाय हिच्यात.”

“आबा, ती महिन्याभरात मरंल!”

“मग मी जात न्हाई. आन् सांगून ठिवतो, निघायच्या दिवशी भावकीसमोर मीच चढवणार टेम्पोत.”

झालं! ती बॅटरी नेली तर वाटेत औषध तापणार, आणि त्याआधी अंगणात भावकीसमोर आबांची शोभा होणार.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच दुकानात गेले. दुकानदाराकडं शिशाच्या मेलेल्या बॅटरीचं रिकामं खोकं होतं. आतल्या भिंती कापून, धुऊन त्यात लिथियमची बसवली आणि उरलेल्या जागेत वाळूच्या पिशव्या ठासल्या. गोदावरीची वाळू! आमच्याकडं जिच्यासाठी माणसं एकमेकांच्या अंगावर ट्रॅक्टर घालतात, ती मी बॅटरीत कोंबत होते. साधारण एका मेंढ्याएवढा, म्हणजे शिशाचीहून बराच कमी, भार झाला तेव्हा थांबले. वरून झाकण पक्कं केलं.

निघायच्या दिवशी बॅटरीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. आबा वाकले. क्षणभर थांबले, माझ्याकडं बघितलं, आणि एका दमात उचलून टेम्पोत ठेवली. भावकीनं शिट्ट्या मारल्या. माझा जीव भांड्यात पडला. बापाला फसवलं म्हणून वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मला माझ्या हुशारीचं लई कौतुक वाटत होतं.

सगळा हंगाम फ्रिज चालला. आबा फोनवर ऐकवायचे, “जड बॅटरी ती जडच!” त्यांचं ऐकून दोन चुलत्यांनी खरोखरच्या शिशाच्या घेतल्या. एक पाण्यावाचून सुकली, दुसरी खड्ड्यांनी खिळखिळी झाली. आबा त्यांना म्हणाले, तुमाला पारखच न्हाई.

उन्हाळा सरता सरता कळप परत आला. आबांचा पाय धड होता, साखर ताब्यात होती. अंगणात टेम्पो रिकामा करताना ते बॅटरीवर थाप मारून म्हणाले, “बाई, हिच्यातली वाळू काढून ठिव आता.”

मी गारच पडले. “तुमाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे? पाणी पाजल्यालं बोकड वळखतो मी. आन् दुकानात जी हलली न्हाई, ती घरी उचलली. चार दिसात जवान झालतो व्हय मी?”

“मग तवाच बोलला कावून न्हाईत?”

“बोललो असतो तर भावकीनं काठी काढून घेतली असती.”

आबांनी बॅटरीच्या कड्या धरल्या, जरा वर उचलून अंदाज घेतला आणि धाप लागली तशी खाली टेकवली.

“पुढल्या साली वाळू जरा कमी भर,” ते हळूच म्हणाले.