एका दाढेच्या चार फेऱ्या

आबांचा फोन आला तेव्हा मी सोलापूरला शाळेच्या ऑफिसात दाखले लिहीत बसले होते. आबा म्हणजे माझे वडील. करमाळ्याच्या पुढे आमचं गाव आहे, तिथं ते माझ्या भावाजवळ राहतात. सत्तरी ओलांडली तरी शेळ्या सोडवत नाहीत त्यांना. फोनवर ते कधी दुखण्याचं बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "दाढ लई दुखाय लागलीय. तिकडं येऊ का?" आबांनी "येऊ का" असं विचारलं म्हणजे चार-पाच रात्री तरी झोप नसणार, हे मी ओळखलं.

मी नव्या पेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात फोन करून नंबर लावला. फोनवरच्या मुलीनं नाव, वय आणि वेळ एवढंच विचारलं. दात काढायचा आहे म्हटल्यावर "या उद्या साडेअकराला" म्हणाली आणि ठेवून दिला. येताना काय आणायचं, काय खाऊन यायचं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, यातलं तिनं काही विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. दातच तर काढायचा होता.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर आबा उतरले ते गालाला उपरणं बांधून. डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. रिक्षात त्यांना विचारलं, काही खाल्लं का. म्हणाले, "न्हाय. ऑपरेशनला उपाशी जात्यात की." पहाटे निघालेला माणूस, उन्हात तीन-साडेतीन तास एसटीत बसून आलेला, पोटात पाण्याशिवाय काही नाही. मला वाटलं, बरंच झालं, काम लवकर उरकेल.

दवाखान्यात काउंटरवरची मुलगी फोनवर कुणाशी तरी तेलुगूत बोलत होती. बोलता बोलताच तिनं माझ्यापुढं फॉर्म सरकवला. बीपी, साखर, आधीची आजारपणं, चालू औषधं. सगळं मीच भरलं. गेल्या उन्हाळ्यात आबांच्या छातीत कळ आली होती आणि इथंच सोलापुरात त्यांना स्टेंट बसवली होती, तेही लिहिलं. आबा शेजारी डोळे मिटून बसले होते. त्यांना काही विचारायचं मला कारणच दिसलं नाही. औषधांची चिठ्ठी माझ्याजवळ होती, दर महिन्याला गोळ्या मीच विकत घेऊन गावी पाठवत होते.

डॉक्टर तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी दाढेचा एक्स-रे काढला. मुळाशी पू झाला होता, दाढ वाचणार नव्हती. मग त्यांनी फॉर्म वाचला आणि विचारलं, "रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत?"

"हो. रोज सकाळी खाऊन झाल्यावर."

"त्या बंद करायच्या नाहीत. पण त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांचं पत्र आणा. आणि आज तसंही काढता येणार नाही. सूज खूप आहे, औषध लिहून देते, ती आधी उतरू द्या. उपाशी माणसाला भूल देऊन चक्कर आली तर आणखी घोळ. येताना पोटभर जेवून यायचं."

"हे फोनवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. काउंटरवरच्या मुलीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ही पहिली फेरी.

पत्रासाठी हार्टच्या दवाखान्यात गेले तर डॉक्टर बाहेरगावी. दुसऱ्या दिवशी "उद्या येतील" म्हणाले. तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचं होतं. आमच्याकडं ते चार-पाच दिवसांनी येतं आणि घरातल्या एका माणसाला नळापाशी थांबावंच लागतं. ते काम आबांवर सोपवून मी गेले, तर डॉक्टर येऊन ऑपरेशनला गेलेले. पत्र मिळालं चौथ्या दिवशी. दोन ओळी होत्या. गोळ्या चालू ठेवाव्यात, दात काढण्यास हरकत नाही. त्या दोन ओळींसाठी माझ्या शिल्लक रजांपैकी निम्म्या संपल्या.

त्या चार दिवसांत आबा दुधात भाकरी कुस्करून खायचे आणि टीव्हीपुढं बसायचे. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, दात काढायच्या आधी दोन दिवस त्या गोळ्या बंदच ठेवतात, आमच्या भावजींनी ठेवल्या होत्या. मी त्यांच्यावर जवळजवळ खेकसले. "स्टेंटच्या माणसाला असलं काही सांगू नका. एक दिवस चुकली तरी जिवावर बेतू शकतं." आबा समोरच बसून होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

दुसऱ्या फेरीला मी त्यांना वरणभात खाऊ घालून नेलं. सूज बरीच उतरली होती. आबा खुर्चीत आडवे झाले. डॉक्टरांनी पत्र वाचलं, बाजूला ठेवलं आणि विचारलं, "आजोबा, आज सकाळी गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या," मी म्हणाले. त्या ते स्वतःच घेतात असं मी धरून चालले होते.

डॉक्टर माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "त्यांना सांगू द्या."

आबा वरच्या दिव्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कुटल्या?"

"हृदयाच्या."

"त्या मी सोडल्या की."

"कधी सोडल्या?"

"दिवाळीपासनं."

मार्च चालू होता. मी खुर्चीचा हात धरून उभी होते. मला आधी भीती वाटायला हवी होती, पण आला तो रागच.

डॉक्टरांनी कारण विचारलं. आबा सावकाश सांगत होते. गावात दाढी करताना वस्तरा लागला, रक्त थांबेना, पारावरची माणसं गोळा होऊन बघत राहिली. मग एकदा शेळीचं शिंग हाताला लागलं, तर हात कोपरापर्यंत काळानिळा. "म्हटलं, ही गोळीच वंगाळ. बंद केली तर सगळं थांबलं. छातीत बी काय दुखत न्हाय."

"आणि मी पाठवत होते त्या गोळ्या?" मी विचारलं.

"डब्यात ठेवल्यात की. टाकल्या न्हाईत."

"मला का नाही सांगितलं आबा? दर रविवारी फोन करते मी. दर रविवारी विचारते."

"तू इचारत कुटं हुतीस. 'गोळ्या घेताय ना आबा,' असं म्हनायचीस. मी व्हय म्हनायचो. तुला घोर नको म्हणून."

डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि तिथूनच हार्टच्या डॉक्टरांना फोन लावला. आम्हाला लगेच तिकडं पाठवलं. तिथं ईसीजी काढला, सोनोग्राफीसारखी तपासणी केली. नशिबानं सगळं ठीक निघालं. हार्टचे डॉक्टर माझ्यावरच चिडले. स्टेंटच्या पहिल्या वर्षात गोळी बंद म्हणजे काय, तुम्ही सुशिक्षित ना, तुमचं लक्ष कुठं होतं. आबा माझ्या शेजारी हात जोडून बसले होते, जणू चूक माझी आणि माफी ते मागत होते. गोळ्या पुन्हा चालू झाल्या. दाढ आठवडाभर पुढं गेली.

त्या आठवड्यात मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. रोज सकाळी नाश्ता झाला की गोळ्या हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. एकदा ते म्हणाले, "पोलीस हायस का?" मी पाण्याचा पेला पुढं केला. मला राग त्यांचा होताच. पण फोनवर उत्तरासकट प्रश्न विचारणारी माझी सवय, घरकामाच्या घाईत केलेले ते रविवारचे फोन, तेही आठवत होते आणि त्यानं राग आणखी वाढत होता.

तिसऱ्या फेरीला दाढ निघाली. सुई टोचली तेव्हा आबांनी पाय आखडले, बाकी हूं की चूं नाही. पंधरा-वीस मिनिटांत झालं. डॉक्टरांनी जखमेवर कापसाची घडी ठेवली आणि या वेळी थेट आबांनाच सांगितलं. तासभर घट्ट चावून धरायचं. आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, थुंकी गिळायची. गरम चहा नाही. तंबाखू तर अजिबात नाही. जखमेत रक्ताची गाठ धरते, ती निघाली तर रक्त पुन्हा सुरू होतं. गोळी चालू असल्यामुळं तुम्हाला जास्त जपायचंय. आबांनी मान डोलावली. मी त्यांच्याकडून सगळं पुन्हा म्हणून घेणार होते, पण तोंडात कापूस होता.

घरी आल्यावर मी मऊ भात टाकायला आत गेले. बाहेर आले तर आबा मोरीपाशी वाकलेले. कापूस काढून टाकला होता आणि चुळा भरत होते. मोरी लाल झाली होती.

"आबा, काय सांगितलं होतं त्यांनी?"

"रगात गिळायचं व्हय? किळस येती."

रक्त थांबेना. भरदुपारी पुन्हा रिक्षा, ही चौथी फेरी. दवाखान्याच्या जिन्यात माझा बांध फुटला. मी मोठ्यानं म्हणाले की मला आता हे जमत नाही, रजा संपल्या, तुम्ही कुणाचंच ऐकत नाही, मग माझ्याकडं येता कशाला. खाली उतरणारं एक जोडपं बाजूला सरून उभं राहिलं. आबा तोंडाला टॉवेल दाबून ऐकत होते. मग हळूच टॉवेल काढून म्हणाले, "मी भ्यालो हुतो गं." एवढंच बोलले आणि पुढं चढू लागले.

त्यांच्या कठड्यावरच्या हाताकडं बघताना मला एकदम कळलं की पारावरच्या त्या दिवशी, वस्तऱ्यानं कापलेला गाल धरून बसलेले असतानाही ते असेच भ्यालेले असणार. तेव्हा त्यांच्याजवळ घरचं कुणी नव्हतं.

डॉक्टरांनी आपोआप विरघळणारे दोन टाके घातले. अर्धा तास तिथंच बसवून ठेवलं. रक्त थांबलं. तो अर्धा तास मी त्यांच्या शेजारी बसले, पण माझा राग काही पूर्ण गेला नव्हता, आणि तो गेल्याचं सोंगही मी केलं नाही.

दहाव्या दिवशी ते गावी गेले. भाऊ सांगतो, गावात ते सगळ्यांना सांगत असतात की सोलापूरच्या डॉक्टरांनी एका दाढेला चार खेपा घालायला लावल्या. ऐकून माझं डोकं पुन्हा तापतं. रविवारी फोन केला की आता मी विचारते, "आज सकाळी काय काय घेतलं?" आणि गप्प राहते. ते आधी चहा सांगतात, मग भाकरी. मग थोडा वेळ जातो. त्या वेळात तोंड मिटून बसणं मला अजून अवघड जातं.